भाचा म्हणतो, नोकरी सोडून ट्रेडिंग करतो

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं आयकर रिटर्न भरून द्यायचं छोटं ऑफिस आहे. पगारदार, दुकानदार, उद्यमनगरात जॉबवर्क करणारे, दोन-चार डॉक्टर असे जुने क्लायंट. गेल्या काही वर्षांत त्यात ऑप्शनवाल्या, म्हणजे बाजार चढेल की पडेल यावर मुदतीचे सौदे करणाऱ्या पोरांची भर पडली. ही पोरं जूनमध्ये कधी येत नाहीत. मुदत संपत आली की संध्याकाळी उशिरा येतात, व्हॉट्सॲपवर फाइल टाकतात आणि "बघून घ्या की मॅडम" म्हणून खिडकीबाहेर बघत बसतात. फाइलीचं नाव टॅक्स पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचा हिशेब. इन्स्टाग्रामवर हिरव्या आकड्यांचे जे स्क्रीनशॉट फिरतात ते एका दिवसाचे. ही फाइल अख्ख्या वर्षाची, आणि ती कुणी स्टेटसला ठेवत नाही.

त्यामुळे "ट्रेडिंगमध्ये करिअर करू का" असं कुणी विचारलं की मी बाजाराबद्दल काही बोलत नाही. कॅण्डल, सपोर्ट, रेझिस्टन्स यातलं मला फारसं कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. मी फाइल मागते. माणसाला हा धंदा झेपेल का, याचं निम्म्याहून जास्त उत्तर तिच्यात असतं. फक्त ती उघडून वाचायची छाती लागते.

यंदा विचारणारा घरचाच निघाला. धाकट्या बहिणीचा मुलगा, वय २४, मेकॅनिकलचा डिप्लोमा, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या मशीन शॉपला सीएनसीवर. हातात २२ हजार, शिवाय पीएफ. आठवड्याला शिफ्ट बदलते. रविवारी जेवायला आला, पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी संपवली आणि बहीण आत गेल्यावर हळूच म्हणाला, "मावशी, राजीनामा लिहून ठेवलाय. तू फक्त आईला समजव."

"किती मिळाले वर्षात?"

"अडतीस हजार प्लस आहे. आणि हे नोकरी सांभाळून हं. पूर्ण वेळ दिला तर बघ."

मोबाइल पुढे केला. मी म्हटलं हे नको, फाइल डाउनलोड कर. ॲपच्या पहिल्या पानावर दिसतो तो खर्च धरायच्या आधीचा आकडा. फाइलीत खाली चार्जेस नावाचा वेगळा भाग असतो, तिथपर्यंत त्याने कधी बोट सरकवलंच नव्हतं. ब्रोकरेज, एक्स्चेंजचा आकार, त्या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, शिवाय एसटीटी म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, आणि स्टॅम्प ड्युटी. बेरीज ४९ हजार. अडतीसातून एकोणपन्नास गेले, राहिले उणे अकरा हजार.

पोरगं गप्पच झालं. मग म्हणालं, "पण ब्रोकरेज तर वीसच रुपये आहे की गं."

वीसच आहे, पण ऑर्डरीमागे. घेताना वीस, विकताना वीस. वर्षात याच्या ऑर्डरी दीड हजारांवर. म्हणजे ३० हजार तर नुसत्या ब्रोकरेजचेच झाले. ऑक्टोबर २०२४ पासून ऑप्शन विकताना प्रीमियमवरचा, म्हणजे ऑप्शनच्या भावावरचा एसटीटीही ०.०६२५ वरून ०.१ टक्क्यावर नेला होता. एकेक आकडा बघाल तर हसू येईल इतका बारका. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या अहवालात २०२३-२४ या वर्षाचा सरासरी खर्च माणशी सुमारे २६ हजार रुपये दिला आहे, म्हणजे आमचा हिरो सरासरीच्या बराच पुढे.

अहवालाचा विषय निघालाच आहे तर तेवढं सांगून टाकते, कारण तो कुणीही वाचू शकतं आणि वाचत कुणी नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ अशा तीन वर्षांचा हिशेब मांडला. फ्युचर्स-ऑप्शनमध्ये सौदे करणारी साधी माणसं एक कोटीच्या वर, त्यातली ९३ टक्के तोट्यात. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, एकूण १ लाख ८० हजार कोटींच्या पुढे. खर्च वजा जाता लाखाच्या वर नफा झालेले किती? एक टक्का. सौदे करणाऱ्यांत तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेलेलं, आणि तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी जाहीर केलेलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत. पुढच्या वर्षाचा, २०२४-२५ चा, आकडाही आला. तोट्यातले ९१ टक्के.

हे आकडे मी भाच्याला ऐकवले आणि त्याच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही. होतही नसतो. प्रत्येक जण आपल्याला उरलेल्या सातातला समजतो. त्या वयात तसंच वाटायला पाहिजे, नाहीतर पोरं कुठलाच धंदा सुरू करणार नाहीत. म्हणून मी आकडेवारीवर वेळ घालवत नाही. मी दुसरी फाइल मागते, तिला ट्रेडबुक म्हणतात. प्रत्येक सौद्याची तारीख, वेळ, नग, भाव. एक्सेलमध्ये ओढली की माणूस समोर बसवल्यागत दिसतो.

त्या दुपारी आम्ही दोघं लॅपटॉपवर बसलो. आधी दिवसाप्रमाणे ऑर्डरी मोजल्या. नफ्याच्या दिवशी दोन सौदे, तीन सौदे, संपलं. तोट्याच्या दिवशी वीस-वीस, तीस-तीस. मग तोट्याचा सौदा बंद झाल्यावर पुढची ऑर्डर किती वेळाने टाकली ते बघितलं. दीड मिनिट. पन्नास सेकंद. एका ठिकाणी तर अकरा सेकंद, आणि नग दुप्पट. अकरा सेकंदांत माणूस कसला अभ्यास करतो? मग तारखा त्याच्या शिफ्टशी ताडून बघितल्या. सकाळी साडेसातला नाइट संपवून घरी यायचं, सव्वानऊला बाजार उघडेपर्यंत जागं राहायचं, असे जे आठवडे होते त्यात बहुतेक मोठे खड्डे. निफ्टीच्या ऑप्शनची आठवड्याची एक्सपायरी, म्हणजे मुदत संपायचा दिवस, हल्ली मंगळवारी असते. मंगळवारी दुपारी दोननंतरचे त्याचे सौदे वेगळे काढले तर वर्षाचा सगळा तोटा जवळजवळ तिथेच जमा. त्या वेळी ऑप्शन पाच-दहा रुपयांना मिळतो, तासाभरात चाळीस होईल अशी आशा असते, आणि बहुतेक वेळा साडेतीनला त्याचा शून्य होतो.

"हे मला कुणी दाखवलंच नाही," तो म्हणाला.

दाखवणार कोण? क्लासवाला एंट्री कुठे घ्यायची ते दाखवतो. ब्रोकरला ऑर्डरी जास्त झाल्या तर हव्याच असतात. माझ्यासारखीच्या हातात फाइल येते तेव्हा वर्ष संपलेलं असतं.

एक मात्र सांगते. पुढचं वाक्य त्याने फार चांगलं टाकलं. "मग मंगळवार बंद, आणि दिवसाला दोन सौद्यांच्या वर नाही." जो रडत बसतो किंवा "ऑपरेटरनं खेळवलं" म्हणतो, त्याला मी तिथेच सोडून देते. हा आपलाच कागद बघून नियम काढत होता. त्यामुळे मी थेट नाही म्हटलं नाही. पण नियम काढणं आणि तोट्याच्या दिवशी तो पाळणं यात फार अंतर आहे, आणि ते अंतर नोकरी असताना मोजता येतं. नोकरी सोडल्यावर घरखर्चाचं ओझं त्याच सौद्यावर येऊन बसतं.

आता शिस्त असली की झालं, असंही नाही. माझे एक क्लायंट बँकेतून निवृत्त झालेले. शांत, व्यवस्थित, वहीत रोजची नोंद. ते ऑप्शन विकायचे. लांबच्या स्ट्राइकचे, म्हणजे बाजार सहसा पोचत नाही अशा पातळीचे ऑप्शन विकायचे, आठवड्याने ते शून्य झाले की प्रीमियम खिशात. ते त्याला भाडं म्हणायचे, आणि खरंच महिन्यामागून महिना भाडं आल्यासारखं यायचं. विकणाऱ्याला एका लॉटला, म्हणजे किमान नगांच्या सौद्याला, लाखाच्या वर मार्जिन म्हणजे अनामत लागतं, ते त्यांनी ग्रॅच्युइटीतून ठेवलेलं. ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल. आदल्या दिवशी एक्झिट पोलवर बाजार तीन टक्क्यांहून जास्त चढलेला, त्या दिवशी निफ्टी जवळजवळ सहा टक्के पडला. सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी. त्यांनी पुट, म्हणजे बाजार पडला की महाग होणारे ऑप्शन, विकलेले होते. दोन वर्षांचं भाडं आणि वर मुद्दलातला लचका, एका दिवसात.

त्यांचं रिटर्न भरताना आणखी एक गोष्ट सांगावी लागली, ती सांगताना मलाच कसंतरी झालं. फ्युचर्स-ऑप्शनचा तोटा हा व्यवसायाचा तोटा. तो पगारातून वजा होत नाही, आणि आयकराच्या हिशेबात पेन्शन म्हणजे पगारच. एफडीच्या व्याजातून तेवढा वजा झाला, बाकीचा पुढे ओढला. म्हणजे हातात पैसे नाहीत, तरी पेन्शनवरचा कर आहे तसाच. काकांना नियम माहीत नव्हता. त्यांना बाजारातले सगळे ग्रीक, म्हणजे ऑप्शनचा भाव कशाने किती हलतो याची मापं, तोंडपाठ होती.

मग हे कुणालाच जमत नाही का? जमतं. मी बघितलं आहे, म्हणून सांगते. पुण्यातली आयटीतली नोकरी सोडून लॉकडाउनमध्ये परत आलेला एक जण आहे, रंकाळ्याकडे राहतो. बायकोचा पगार घर चालवतो. त्याने पाच वर्षांच्या खर्चाएवढे पैसे आधी बाजूला काढले आणि मग नोकरी सोडली. स्वतः प्रोग्रॅम लिहितो, जुन्या भावांवर तपासतो, महिन्याला मोजके सौदे. त्याची फाइल दोन पानांची असते. दोन वर्षं बरी गेली, एक उणे गेलं, पुन्हा बरं. सगळं धरून एफडीपेक्षा चांगलं निघतं, पुण्याच्या पगारापेक्षा कमीच. मी विचारलं, मग का करता? म्हणाला, "मला आकड्यांत बसायला आवडतं आणि कुणी फोन करत नाही." त्याचा दिवस ऐकाल तर झोप येईल. बहुतेक दिवस काहीच करायचं नसतं, आणि तो खरंच काही करत नाही. माझ्या मते या धंद्यासाठी हाच स्वभाव लागतो. धाडस वगैरे ज्याला म्हणतात ते असलेली पोरं माझ्याकडे तोटा भरायला येतात.

दुसरे हुपरीचे चांदीवाले शेठ. त्यांची एमसीएक्स या वायदेबाजारातली फाइल बघून माझ्या असिस्टंटने एकदा कपाळाला हात लावला होता, कारण चांदी चढली की त्यांना तिथे दणकून तोटा. शेठ निवांत. त्यांच्या कपाटात पैंजण-जोडव्यांचा माल पडलेला, तेवढ्या वजनाचं फ्युचर, म्हणजे आज भाव ठरवून पुढच्या तारखेचा सौदा, ते विकून ठेवतात. भाव चढला तर इकडे तोटा आणि मालात तेवढा नफा, पडला तर उलट. तीस किलोचा करार मोठा वाटला तर पाच किलोचा मिनी, एक किलोचा मायक्रोही असतो. त्यांना मजुरीतून कमवायचं असतं, भावातून नाही. वायदेबाजार नावाची गोष्ट मुळात अशा लोकांसाठी निघाली, हे पोरांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही.

आणि आपल्या समोर सौद्याला कोण असतं? याची कल्पना भाच्याला अजिबात नव्हती. त्याला वाटायचं आपल्यासारखीच माणसं. सेबीच्याच अहवालानुसार २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांची प्रोप डेस्क, म्हणजे कंपनीच्याच पैशाने सौदे करणारे विभाग, आणि परदेशी फंड नफ्यात होते, आणि त्यांच्या नफ्यातला ९६-९७ टक्के भाग अल्गोने, म्हणजे प्रोग्रॅमने केलेल्या सौद्यांतला. त्यांचे सर्व्हर एक्स्चेंजच्याच आवारात भाड्याच्या रॅकवर. इकडे हा मोबाइलवर, शिरोलीच्या बसमध्ये. खासबागेच्या कुस्ती मैदानात मोफत प्रवेश असला म्हणून कुणी थेट लाल मातीत उतरतो का, आधी तालमीत जातोच की. आणि तिथे निदान वजनगट तरी असतात.

त्यानंतर मी त्याला एक गणित घातलं, कागदावर. घरात दर महिन्याला ३० हजार लागतात. वर्षाचे ३ लाख ६० हजार. समज तू दर वर्षी २० टक्के कमावलेस, आणि दर वर्षी २० टक्के कमावणारा माणूस मला दाखव, तरी भांडवल लागतं १८ लाख. तेही सगळा नफा खाऊन टाकायचा, मुद्दल वाढवायचं नाही, असं धरून. तुझ्याकडे किती आहेत? एक लाख चाळीस हजार. म्हणजे तुला वर्षाला अडीचशे टक्क्यांच्या वर पाहिजेत. हे ज्या दिवशी तू नोकरी सोडशील त्या दिवसापासून पाहिजेत, आणि म्हणूनच तू लहान सौदे करूच शकणार नाहीस. त्यात सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून इंडेक्सच्या कराराची किमान किंमत १५ लाखांवर नेली आहे, म्हणजे लॉटच मोठा झाला. लहान माणसाला दूर ठेवायलाच केलंय ते. बोट दाखवून सरकार सांगतंय आणि आपण म्हणतो आमच्यावर अन्याय.

या गणितावर तो पहिल्यांदा हलला. ९३ टक्क्यांनी जे झालं नाही ते त्याच्या स्वतःच्या एक लाख चाळीस हजारांनी झालं.

बाकी गोष्टी पटापट. पगारपत्रक गेलं की गृहकर्जाला बँक दोन-तीन वर्षांची रिटर्नं मागते, आणि त्यात नफा दिसावा लागतो. नफा झालाच तर ॲडव्हान्स टॅक्स वर्षातून चार वेळा भरायचा. पीएफ बंद. लग्नाच्या बाजारात "मुलगा ट्रेडिंग करतो" म्हटल्यावर मुलीचे वडील पुढचा प्रश्न विचारतात तो "आणि काय करतो?" हा विनोद नाही, माझ्या समोर घडलेलं आहे.

बहीण मध्येच चहा घेऊन आली. तिला सगळं आधीच कळलं होतं, आयांना कळतंच. ती एवढंच म्हणाली, "एवढीच हौस असंल तर महिन्याला गुजरीत उभारून एक ग्रॅम सोनं घेऊन ठेव की मर्दा." यावर मी काही बोलले नाही. तिच्या बाजूने बोलले असते तर तो उठून गेला असता.

त्याला बाजारातच काम करायचं असेल तर त्याला वेगळे दरवाजे आहेत, आणि ते मी आवर्जून सांगितले, कारण करिअर म्हटलं की पोरांना फक्त स्वतःच्या पैशाने सौदे करणं दिसतं. ब्रोकरच्या शाखेत डीलर लागतात. त्यासाठी सेबीच्या एनआयएसएम या संस्थेची इक्विटी डेरिव्हेटिव्हची, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शनची परीक्षा पास व्हावी लागते, ती घरी अभ्यास करून देता येते. रिस्कचं काम असतं, म्हणजे कुणाचं मार्जिन कमी पडलंय, कुणाचा सौदा कापायचा, हे बघत बसायचं. शाहूपुरीत एका शाखेत माझ्या क्लायंटची मुलगी हे काम करते, बी.कॉम. झालेली. पगार भाच्यापेक्षा फार जास्त नाही. पण दिवसभर शे-दोनशे लोकांचे सौदे तिच्या डोळ्यांसमोरून जातात, ते शिक्षण पैसे देऊनही मिळत नाही. भाच्याला म्हटलं, एकदा जाऊन बोल तिच्याशी. तो लाजला, म्हणजे वेगळंच काहीतरी समजला. असो.

राजीनामा त्याने दिलेला नाही. ट्रेडिंग सोडलं आहे असंही नाही. नाइटच्या आठवड्यात ॲप काढून टाकतो म्हणतो, दिवसाला दोन सौदे म्हणतो. पुढच्या एप्रिलमध्ये ट्रेडबुक मी मागणार आहे, तेव्हा कळेल. तोपर्यंत त्याच्या नियमांवर माझं मत काही नाही.

रिटर्न मात्र लगेच भरून घेतलं. कंपनीतल्या मित्राच्या सांगण्यावरून तो फक्त पगाराचा साधा फॉर्म भरणार होता. तसं चालत नाही, एक सौदा केला असला तरी व्यवसाय दाखवावा लागतो, आयटीआर-३. वेळेत भरलं तर हा अकरा हजारांचा तोटा पुढे आठ वर्षं ओढता येतो, व्यवसायात नफा झाला की त्यातून वजा होतो. हे ऐकून त्याचा चेहरा फुलला. "म्हणजे पुढच्या वर्षी अकरा हजारांपर्यंत टॅक्स फ्री?"

म्हटलं, हो. आधी नफा कर. आणि फी दे. पगार आणि व्यवसाय असं दोन हेडचं रिटर्न आहे, भाचा म्हणून निम्मी घेतली.